मिशनचे पुस्तक आणि गावाचे वाचनालय : दक्षिण कोकणातील शालेय ग्रंथसंग्रहाचा पूर्वेतिहास

एखाद्या चर्चच्या सभासदांनी वर्गणी जमवावी, एक पथक समुद्रापार पाठवावे आणि तेथील शाळेला ग्रंथालय उभारून द्यावे, ही घटना आज आफ्रिकेच्या किंवा मध्य अमेरिकेच्या संदर्भात नित्याची वाटते. दक्षिण कोकणाने मात्र हा अनुभव दोनशे वर्षांपूर्वी, देणाऱ्याच्या नव्हे तर घेणाऱ्याच्या भूमिकेतून घेतलेला आहे. स्कॉटलंडमधील साध्या चर्चसभासदांच्या देणग्यांतून बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर शाळा निघाल्या आणि त्या शाळांबरोबर छापील मराठी पुस्तक या भागात आले. या पुस्तकाचे पुढे काय झाले, आणि शाळेला पुस्तके देणे व वाचनालय उभे राहणे या दोन गोष्टींत कोणते अंतर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१७९६ साली एडिंबरा येथे स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेने, म्हणजे पुढील काळातील स्कॉटिश मिशनरी सोसायटीने, १८२३ मध्ये पश्चिम भारतात आपले काम सुरू केले. तिचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल याच्या मनात पुणे होते. परंतु पेशवाई संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि कंपनी सरकारला पुण्यात धर्मप्रसारक नको होते. त्यामुळे १७५५-५६ पासून इंग्रजांच्या हाती असलेले सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट निवडले गेले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीस हलले होते. कचेरी उठून गेलेल्या या बंदरात वर्षभराने मिशनची शाळा आली, हा योगायोग लक्षणीय आहे. मिचेल त्याच वर्षी मरण पावला. त्याच्या मागोमाग जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन हे चौघे आले आणि बाणकोट व हर्णै ही दोन केंद्रे धरून आसपासच्या गावांत शाळा पसरल्या.

या शाळांचे स्वरूप समजून घेण्यासाठी तत्पूर्वीची पंतोजींची शाळा डोळ्यांसमोर आणावी लागते. धूळपाटी, उजळणी, मोडी अक्षर आणि तोंडी हिशेब एवढ्यावर ती शाळा चाले. तिला पुस्तकाची गरजच नव्हती. पोथ्या होत्या, पण त्या घराण्याच्या, मठाच्या किंवा देवळाच्या मालकीच्या. त्या सोवळ्यात हाताळल्या जात आणि बहुधा एकाने वाचायच्या व इतरांनी ऐकायच्या असत. मिशनने शिकविण्याचे काम बव्हंशी स्थानिक पंतोजींकडेच ठेवले; बदलले ते मुलाच्या हातातील साधन. बालबोध लिपीत छापलेले, एकसारख्या प्रतींचे, कोणीही कोणाकडूनही घेऊन वाचावे असे पुस्तक शाळेत आले. लिपीचा हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. मोडी ही व्यवहाराची लिपी होती. ती येणारा मुलगा कारकून होई. बालबोध वाचू लागलेल्या मुलापुढे मात्र छापील मजकुराचे सारे जग उघडत होते, मग तो मजकूर कोणाचाही असो.

परंतु पुस्तके कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून शुभवर्तमाने व धर्मविषयक पुस्तिका बाहेर पडत होत्या. मिशनच्या शाळांत गणित, भूगोल शिकविले जाई, परंतु त्या शाळांचा गाभा शुभवर्तमान आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे हाच होता. याउलट बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने धर्म बाजूला ठेवून क्रमिक पुस्तके काढली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथांचे भाषांतर १८२८ मधले. मिशनची पुस्तके फुकट मिळत, पण ती निवडण्याचा अधिकार वाचकाला नव्हता. ज्याने पैसे दिले तो एडिंबऱ्यात होता आणि त्याला मायदेशी जाणाऱ्या अहवालातून कळे ते शाळा किती, मुले किती आणि पुस्तिका किती वाटल्या एवढेच. वाटलेल्या प्रती मोजता येतात, वाचलेली पाने मोजता येत नाहीत. देणगीवर चालणाऱ्या ग्रंथकार्यात हा दोष त्या काळापासून आहे आणि तो आजही गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या मंडळींना केवळ प्रचारक ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. ती स्वतःही शिकत होती. जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैलाच राहिले आणि मग मुंबईस गेले. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी सामवेदाचे आणि जैनांच्या कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर केले. कोकणात पुस्तके घेऊन आलेला मनुष्य अखेर येथील ग्रंथांचा वाचक झाला, ही बाब मिशनच्या आकडेवारीत बसणारी नाही. १८३० नंतर मिशनचा भर पुणे आणि मुंबईकडे सरकला, १८३५ मध्ये हे कार्य चर्च ऑफ स्कॉटलंडच्या आधिपत्याखाली गेले आणि बाणकोट-हर्णैचे महत्त्व ओसरले. मिशन निघून गेल्यावर तेथे सार्वजनिक वाचनालयाची परंपरा त्या शाळांतून सलगपणे उभी राहिलेली दिसत नाही.

वाचनालये वेगळ्या वाटेने आली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आपल्या सावर्ड्याचे तालुक्याचे गाव असलेल्या चिपळुणात १८६४ मध्ये वाचनालय निघाले आणि ते आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. ही वाचनालये वर्गणीदारांची होती. वर्गणीदार पैसे देई, म्हणून ‘हे पुस्तक मागवा’ असे म्हणू शके. दापोलीजवळच्या मुरूड गावी विद्यार्थिदशेतील धोंडो केशव कर्वे दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. त्या वाचनाला इमारत नव्हती, देणगीदार नव्हता. ऐकणारे मात्र होते.

तरीही येथे दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक आहे. देवळात होणाऱ्या वाचनाला कोण बसू शकत होते? वर्गणी भरून वाचनालयाचा सभासद होण्याची ऐपत आणि मुभा कोणाला होती? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि सरकारला आपल्या खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे १८५८ मध्ये जाहीर करावे लागले, एवढ्यावरून त्या काळाची कल्पना यावी. दापोलीच्या छावणीत निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर त्याच वर्गातून पुढे आले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. या वर्गाला गावाचे वाचनालय हे ‘गावाचे’ वाटण्याचे कारण नव्हते. मिशनच्या शाळेचे दार तत्त्वतः तरी सर्वांना उघडे होते. बाहेरून आलेल्या दानात निवडीचे स्वातंत्र्य नव्हते आणि गावाच्या वर्गणीत समतेची हमी नव्हती. या दोहोंपैकी एकाचे गुणगान करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणारा इतिहास अपुरा राहतो.

हा पेच व्यवहारात सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न कोकणाबाहेर, बडोदे संस्थानात झाला. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केल्यावर महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे प्रश्न आला की शाळा सोडलेल्या मुलाने पुढे वाचायचे काय? त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. परदेशी माणूस आला, पण बोलावून, पगारावर आणि ठरावीक कामासाठी. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, गावोगावी पेट्यांतून जाणारे फिरते ग्रंथालय ही रचना उभी करून ते १९१३ मध्ये परतले. गावातील वाचनालयासाठी गावकऱ्यांनी रक्कम जमवायची, तेवढीच स्थानिक मंडळाने व तेवढीच सरकारने घालायची, असा नियम होता. बॉर्डन गेल्यावर व्यवस्था कोसळली नाही याचे कारण या नियमात आहे. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा अनुदान देतो, परंतु गावाचा हिस्सा आणि गावाची निवड यांची बडोद्याइतकी घट्ट सांगड त्यात आढळत नाही.

चिपळूणच्या वाचन मंदिराने या संदर्भात एक कठोर परीक्षा दिली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात त्याच्या ग्रंथसंग्रहाची मोठी हानी झाली. संस्था पुन्हा उभी राहिली आणि २०१३ च्या शहाऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तिने पेलले. जुलै २०२१ मध्ये शहर पुन्हा पाण्याखाली गेले, आणि आवराआवर पुन्हा तिच्याच माणसांनी केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत असे बंधन घातल्यापासून आपल्या परिसरातील शाळांना पुस्तके देणाऱ्या संस्था, कंपन्या व परदेशस्थ हितचिंतक पुढे येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गठ्ठे फोडण्यापूर्वी यादी शिक्षकांना व मुलांना दाखविली गेली का, आणि देवघेवीची नोंदवही दुसऱ्या वर्षी कोण लिहिणार, हे प्रश्न दात्याला विचारण्याचा संकोच आपण का बाळगतो, हे कळत नाही.

मिशनच्या शाळेचा वाचक कोणत्या दिशेने जाईल, हे मिशनला कधीच ठरविता आले नाही. दापोलीत दुसऱ्या एका मिशनने, इंग्लंडमधील एस. पी. जी. संस्थेने, चालविलेल्या इंग्रजी शाळेतून पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले आणि १९३० ते १९६२ या काळात त्यांनी पाच खंडांत धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, त्याच मिशन शाळेत शिकले. ती शाळा आज स्थानिक शिक्षणसंस्था चालविते. नावात आल्फ्रेड गॅडने हा मिशनरी अद्याप आहे.