गुर्रम, गड्डम, चिंता : हजेरीपटातली तेलुगू आडनावे

आपल्या वर्गाचा हजेरीपट आठवून पाहा. शिंदे, काळे, कुलकर्णी, शेख, साळवे ही नावे गुरुजी एका दमात वाचत आणि गुर्रम, गड्डम, चिंता, कोटा अशा नावांपाशी जरा थबकत. आम्ही तोफखान्यातली 'तेलंगी पोरं'. घरात तेलुगू, गल्लीत दोन्ही आणि शाळेत तुमच्यासारखीच नगरी मराठी. माझ्या आडनावावरून 'गुर्र, गुर्र' करून तुम्ही मला किती चिडवलेत, ते मी विसरलेलो नाही! ही आडनावे नगरला कोठून आली, ते स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

पद्मशाली हा विणकरांचा समाज. मूळ मुलूख तेलंगणातला : करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर. मार्कंडेय ऋषी हे आमचे कुलपुरुष. त्यांच्या वंशातल्या भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंचे वस्त्र विणले, अशी श्रद्धा आहे. नावातले 'पद्म' तेच. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बीड आणि औरंगाबादही त्याच संस्थानात होते आणि ते तर आपल्या जिल्ह्याला लागूनच. आज दूर वाटणारा तेलंगण तेव्हा शेजारच्या राज्यातला होता.

गाव सुटले ते पोटासाठी. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. गिरणीच्या स्वस्त कापडाने खेड्यातल्या मागाचे गिऱ्हाईक आधीच तोडले होते. त्याच सुमारास पश्चिमेकडे कामाच्या वाटा उघडल्या. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली. नगर आणि भिंगारमध्ये लुगडी विणण्याचा धंदा जुनाच होता. १८८४ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये त्याची सविस्तर नोंद आहे. कसबी हाताला इथे माग मिळत असे. आधी एक जण यायचा, कारखानदाराच्या मागावर बसायचा, मग भावाला आणि मेहुण्याला बोलावून घ्यायचा. माझे आजोबाही असेच आले. करीमनगरकडून आधी सोलापूरला आणि तिथून नगरला.

येताना सामान फार नव्हते, पण घराचे नाव सोबत होते. तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरू' म्हणतात. इल्लू म्हणजे घर आणि पेरू म्हणजे नाव. फळाशी त्याचा संबंध नाही. ही घरनावे झाडावरून, प्राण्यावरून, गावावरून, कधी माणसाच्या रूपावरून पडलेली. गुर्रम म्हणजे घोडा, गड्डम म्हणजे दाढी, कोटा म्हणजे किल्ला, पुली म्हणजे वाघ. आणि आपल्या वर्गातला चिंता, ज्याला सगळे 'कसली चिंता करतोस?' म्हणून छळत, त्याच्या नावाचा अर्थ साधी चिंच!

महाराष्ट्रात आल्यावर या नावांत दोन बदल झाले. तेलुगूत घरनाव आधी आणि माणसाचे नाव नंतर. इथे बोलताना ते शेवटी गेले. दुसरा बदल उच्चाराचा. तेलुगूत शब्दाच्या शेवटचा 'अ' स्पष्ट म्हणतात, मराठीत तो गिळतात. म्हणून तिकडचे 'बत्तुला' इकडे 'बत्तुल' झाले. गंमत अशी की दहावीच्या गुणपत्रिकेवर बोर्ड आडनाव आधी छापते, त्यामुळे तिथे आमचे घरनाव पुन्हा आपल्या मूळ जागी येऊन बसले.

मराठी आडनावांची कथा तरी कुठे वेगळी आहे? पारनेरमध्येच राहणाऱ्याला पारनेरकर कोण म्हणेल? नगरकर, संगमनेरकर, शेवगावकर ही नावे चिकटतात ती गाव सोडून परमुलखात गेल्यावर.

पुढे धंदा बदलला. नऊवारी लुगडी मागे पडली, यंत्रमाग आले आणि हातमाग एकेक करून थांबले. घर सावरले बायकांनी. मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळू लागल्या. पानाची कात्री, तंबाखू, दोरा आणि हजारावर मजुरी. आपल्या वर्गातल्या आम्हा बऱ्याच जणांच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्या सुपातून आले आहेत.

आता या नावांचे महत्त्व कागदावरही आहे. महाराष्ट्रात पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. या प्रवर्गाच्या दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. माझ्या पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी एका कार्यालयात आमचे प्रकरण अडले. एका कागदावर 'गुरम', दुसऱ्यावर 'गुर्रम', म्हणून ही माणसे वेगळी! जमीन नाही, सातबारा नाही, भाड्याची खोली आणि दुसऱ्याचा माग. अशा घराकडे जुना कागद कोणता असणार? अखेर उपयोगी पडली ती माझ्या थोरल्या भावाची शाळेच्या जनरल रजिस्टरमधली ओळ. नाव, बापाचे नाव, जात, मातृभाषा तेलुगू आणि तारीख १९६७ च्या आधीची. कोणा गुरुजींनी आजोबांना दोनदा विचारून 'गुर्रम' हे नाव जोडाक्षरासह नीट लिहून घेतले होते. त्या एका अक्षरावर पुतणीचे इंजिनिअरिंग झाले.

आज आमच्या घरात तेलुगू समजते ते फक्त माझ्या पिढीला. माग गेला, सूप गेले. नातवंडे पुण्यात मराठी आणि इंग्रजी बोलतात. त्यांच्याकडे तेलुगूचा एकच शब्द उरला आहे आणि तो ती रोज वहीवर लिहितात. त्याचा अर्थ घोडा, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी ऐंशी-नव्वदीतले कोणी असेल. आपले आडनाव कुठून आले, गाव कोणते आणि का सोडले, हे या दिवाळीत विचारून लिहून ठेवा. आणि जे मित्र आज शाळांमध्ये शिकवत आहेत त्यांना एक विनंती : दाखल होणाऱ्या मुलाचे नाव अनोळखी वाटले तर दोनदा विचारा आणि मगच लिहा.