जिभेवरील साखर आणि रक्तांतील साखर

धाराशिवसारख्या जिल्ह्यांत कोणास मधुमेह झाल्याचें कळलें, कीं कडुनिंब, बेल आणि गुडमार यांच्या पाल्याची शिफारस करणारे हितचिंतक घरोघर भेटतात. त्यांपैकीं गुडमारीचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. मराठींत कावळी म्हणून ओळखली जाणारी ही वेल दख्खनच्या कुंपणांतून व झुडपी रानांतून चढते. हिचें पान चावून वर गूळ खाल्ल्यास तो वाळूसारखा लागतो; आंबट व खारट चव मात्र तशीच राहते. म्हणून हिला गुडमार, मधुनाशिनी अशीं नांवें मिळालीं. जी वेल जिभेवरील साखर मारते ती देहांतीलही मारील, हें अनुमान मग ओघानेंच आलें. अनुभव खरा होता. अनुमान खरें कीं खोटें, हें ठरविण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

मधुमेह आपल्या वैद्यांस अपरिचित नव्हता. सहज आणि अपथ्यनिमित्त असे प्रमेहाचे दोन भेद सुश्रुतसंहितेंत सांगितले आहेत. रक्तांतील साखर मोजण्याचें साधन मात्र प्राचीनांपाशीं नव्हतें. पुढें 1847 मध्यें एजवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचें या पानाविषयींचें निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें आलें, आणि 1887 मध्यें डेव्हिड हूपर यांनीं पानांतील जिम्नेमिक आम्लाचें वर्णन केलें. परंतु या दोघांचाही रोंख जिभेकडे होता, रोगाकडे नव्हे.

टोरोंटो येथें 1921 मध्यें इन्सुलिनचा शोध लागल्यावर प्रश्नास धार आली. कलकत्त्याच्या रामनाथ चोपरा यांना 1928 मध्यें गुडमारीनें रक्तांतील साखर उतरल्याचें आढळलें नाहीं. याच्या उलट, म्हसकर आणि कायस यांनीं 1930 च्या आपल्या प्रबंधांत प्राण्यांवरील प्रयोगांत ती उतरल्याचें नमूद केलें. तथापि ते तेथेंच थांबले नाहींत. पान साखरेवर प्रत्यक्ष कार्य करीत नसून स्वादुपिंडास चेतना देऊन इन्सुलिनचा स्राव वाढवीत असावें, असा त्यांनीं तर्क केला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय वनौषधींवरील 1918 च्या महाग्रंथाची दुसरी आवृत्ति सिद्ध करणाऱ्या संपादकांत हेच दोघे होते. परंपरेविषयीं आदर आणि तिची परीक्षा या गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, हें त्यांच्या कार्यावरून दिसतें.

पुढील शोधांनीं जिभेचें कोडें सुटलें. जिम्नेमिक आम्लें गोडी ओळखणाऱ्या ग्राहकास चिकटतात व कांहीं काळ त्याचें द्वार अडवितात. रक्ताशीं या क्रियेचा संबंध नाहीं. रक्ताची कसोटी निराळी घ्यावी लागली. मद्रासच्या संशोधकांनीं 1990 मध्यें 22 रुग्णांस नेहमींच्या औषधांबरोबर रोज 400 मिलिग्रॅम अर्क 18 ते 20 महिने दिला. त्यांतील पांच जणांस नेहमींचें औषध बंद करतां आलें. फळ आशादायक खरें, पण एवढ्याशा संख्येवर निर्णय उभारतां येत नाहीं. आशेपासून औषधापर्यंतचा मार्ग केवढा लांब असतो, हें युरोपांतील गॅलेगा या वनस्पतीनें दाखविलें. तिच्यांतील द्रव्य विषारी ठरलें. त्याच्याच जातीचें मेटफॉर्मिन 1922 मध्यें प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि 1957 मध्यें पॅरिसच्या झां स्टर्न यांनीं तें मधुमेहावर वापरल्याचें प्रसिद्ध केलें.

आतां धाराशिवकडे वळूं. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामी राज्यांत होता. मुंबई-कलकत्त्यास हे वाद चालले, तेव्हां तो त्यांपासून दूरच राहिला. उस्मानाबादच्या वनस्पतींवरील व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ 1979 मध्यें निघाला. जिल्ह्याचें नांव 2023 मध्यें बदललें. ज्या तेरणेच्या खोऱ्यांत ढोकीचा साखर कारखाना उभा राहिला, त्याच भूमींत साखर मारणाऱ्या पाल्याची महती गायिली जावी, हा योग मौजेचा खरा. परंतु ज्याच्या देहांत इन्सुलिन मुळीं तयारच होत नाहीं, अशा मुलाचें इन्सुलिन पाल्याच्या भरंवशावर बंद करणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. आणि औषध चालू असतांना न सांगतां पाला घेतल्यास साखर अतिशय उतरण्याचीही भीति असते. पाला घ्यावयाचा असेल तर वैद्यास सांगून घ्यावा, आणि त्याचा गुण रक्त तपासूनच ठरवावा. गुळाचा खडा चाखून तो कळावयाचा नाहीं.