रेवड्यांपासून गदेपर्यंत

देहूहून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाटेला लागले, की आज कारखानेच कारखाने दिसतात. तरीही चैत्रात या पट्ट्यातल्या गावांच्या यात्रा भरतात, हलगी वाजू लागते आणि कुस्त्यांचा फड रंगतो. सुरुवात शाळकरी पोरांपासून. त्यांचे इनाम मूठभर रेवड्या, फार तर नारळ. मग थोडे पैसे, मग जास्त. सगळ्यांत मोठी कुस्ती शेवटी. रेवड्या खाणाऱ्या पोराला पुढची पायरी समोरच दिसत असते.

मानसशास्त्राला ही पायऱ्यांची युक्ती उमगायला बराच काळ लागला. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग 1898 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने कडी निघून अन्न मिळे, ती मांजर पुढे लवकर करी. परिणाम सुखद असेल तर कृती पक्की होते. यालाच पुढे ‘प्रबलन’ म्हणू लागले. 1943 मध्ये मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीत स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवत होते. चेंडू ढकलल्यावरच दाणा द्यायचा ठरवले, तर काही घडेना. मग नुसते चेंडूकडे पाहिले तरी दाणा, नंतर जवळ गेल्यावर, नंतर चोच लावल्यावर. काही मिनिटांत कबुतर पटाईत झाले!

आपल्याकडे राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. त्यात आम्हांला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. तालमीतला खुराक पैलवानाला हरला तरी मिळे. इनाम मात्र जिंकण्याशी बांधलेले. खुराक हे प्रबलन नव्हे, तो आधार आहे. शाळेतही या दोहोंची गल्लत होते: माध्यान्ह भोजन बक्षीस म्हणून कोणी देत नाही, पण शिक्षकाची आपुलकी पुष्कळदा तशी दिली जाते.

बक्षीस चुकीच्या जागी पडले तर काय होते, तेही फडातच पाहावे. कुस्ती बरोबरीत सुटून इनाम वाटून मिळणार असेल, तर डाव टाकण्याचा धोका कोण पत्करील? दोघे नुसते खडाखडी करीत राहतात. यात्रेच्या जाहिरातींवर ‘निकाली कुस्त्या’ असे ठळक छापतात, ते उगाच नव्हे. आपण पाठांतराला गुण देतो आणि मुले प्रश्न विचारीत नाहीत म्हणून कुरकुरतो, तेव्हा वेगळे काय करतो?

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. आधी प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवलेली मुले नंतर स्वतःहून चित्रे कमी काढू लागली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून होते. मान चांदीच्या गदेचा. जानेवारी 2023 मध्ये खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीच्या शिवराज राक्षे यांना गदेबरोबर चारचाकी गाडीही मिळाली. पण गदा एकालाच मिळते. बाकीचे शेकडो जण पहाटे उठून जोर काढतात. त्यांना वस्तादाचा ‘शाब्बास’ पुरतो की काल न जमलेला डाव आज बसल्याचा आनंद, हे एकदा तालमीत जाऊन मुलांनाच विचारावे.