डोंगराकडे ‘माउका’, समुद्राकडे ‘माकाइ’: हवाईच्या रोजच्या शब्दांमागचा इतिहास

१/ होनोलुलूत रस्ता विचारला, तर उत्तरात पूर्व-पश्चिम क्वचितच येते. ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या दिशेने, ‘माकाइ’ म्हणजे समुद्राच्या दिशेने. इंग्रजी बोलणारेही हेच शब्द वापरतात. काम संपले की ‘पाउ’, ओसरीला ‘लानाइ’, आभारासाठी ‘महालो’. शब्द टिकले, पण ज्या भाषेचे ते शब्द, ती मात्र विसाव्या शतकात मरणपंथाला लागली. हे कसे घडले?

२/ अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८२० साली हवाईत उतरले. याच बोर्डाचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत होते. ‘ज्ञानोदय’ त्यांच्याच मिशनचे. हवाईयन भाषेतील पहिला मजकूर जानेवारी १८२२ मध्ये छापला गेला. १८२६ साली पाच स्वर व सात व्यंजने अशी वर्णमाला ठरली.

३/ लोकांनी हे लेखन झपाट्याने आत्मसात केले. ‘का लामा हवाई’ हे वृत्तपत्र १८३४ साली निघाले. म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’नंतर अवघ्या दोन वर्षांनी. पुढे १९४८ पर्यंत हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास नियतकालिके निघाली.

४/ १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. अमेरिकेतील विलीनीकरणाविरुद्ध १८९७ साली एकवीस हजारांहून अधिक हवाईयनांनी अर्जावर सह्या केल्या. तरीही १८९८ मध्ये विलीनीकरण झालेच.

५/ मात्र भाषेवरचा घाव त्याआधीच, १८९६ साली पडला होता. ‘हवाईयन बोलण्यावर बंदी आली’ असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी केले. घराविषयी त्यात अवाक्षर नव्हते. पण शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली आणि आपल्या मुलांच्या वाट्याला ती येऊ नये म्हणून आईवडीलच त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागले. कायद्याला जे करावे लागले नाही, ते भीतीने केले.

६/ दुसरीकडे ‘अलोहा’ पर्यटनाच्या जाहिरातींतून जगभर पोहोचला. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’, म्हणजे ‘झटपट’, या बससेवेवरून १९९५ साली ‘विकी’ हे नाव संगणकविश्वात आले. जगाला शब्द मिळाले, तेव्हा बेटांवरच्या बहुसंख्य हवाईयन मुलांना मात्र आजीचे बोलणे कळत नव्हते.

७/ १९७८ मध्ये हवाईयनला इंग्रजीसोबत राज्यभाषेचा दर्जा मिळाला. दर्जाने बोलणारे वाढत नाहीत, हे ओळखून १९८३ साली ‘पूनाना लेओ’ ही संस्था उभी राहिली. नावाचा अर्थ ‘आवाजांचे घरटे’. प्रेरणा न्यूझीलंडच्या माओरी बालवाड्यांची. पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआइ बेटावर भरली. शाळेतील माध्यमाची अट १९८६ मध्ये शिथिल झाली.

८/ तिथे मुले व्याकरणाने नव्हे, रोजच्या वाक्यांनी सुरुवात करतात. ‘अलोहा काकाहिआका’: शुभ सकाळ. ‘पेहेआ ओए?’: कसा आहेस? ‘आ हुइ होउ’: पुन्हा भेटू.

९/ या भाषेत ‘कोउ’ म्हणजे तुझे आणि ‘को’उ’ म्हणजे माझे. मधला घशातला सूक्ष्म विराम, ‘ओकिना’, हाच काय तो फरक. तो कागदावरून नीट उचलता येत नाही. कुणीतरी लहानपणी कानावर घालावा लागतो. १८९६ नंतर नेमकी तीच साखळी तुटली होती, आणि घरट्यांनी तीच पुन्हा सांधली.