वाकळीत कापूस का नाही

पऱ्हाटीला बोंडं फुटली की आमच्या झरी जामणीकडं हिवाळा लागला असं समजायचं. कॅलेंडर नंतर. दिवाळीच्या आगंमागं शेतात सीतादही होते, दहीभाताचा घास मातीला दिला जातो आणि बाया ओटीत कापूस घालायला लागतात. त्याच सुमाराला रात्री घराघरातून वाकळी बाहेर निघतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणतात. पण दिवसभर दोन्ही हातांनी कापूस ओढणारी बाई रात्री जी वाकळ अंगावर घेते तिच्यात कापूस नसतो. चिंध्या असतात.

हे कधीपासून, आणि कुणी केलं, एवढंच मला या लेखात बघायचं आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. पण ज्यानं सूत हाताळलं त्याला सुताचा इतिहास विचारायचा हक्क आहे असं मी समजतो.

हल्ली पांढरपेशा लोकांना आमच्यासारख्या घरांचं भारी कौतुक वाटायला लागलंय. काही वाया घालवत नाहीत, सगळं हातानं करतात, किती साधं जीवन! ऐकलं की डोकं फिरतं. हात आमचे हुशार आहेत हे खरं. पण हुशारी आणि मजबुरी एकाच ताटात जेवत आली आहेत, आणि कौतुक करणारा फक्त हुशारीचं ताट बघतो.

वाकळीपासूनच धरू. आजी तिला वाकय म्हणते. एक लुगडं आमच्या घरात चार जन्म घेतं. आधी लुगडं. विरलं की त्याची लेकराची झोळी. झोळी दमली की वाकळीचा थर. आणि वाकळही गेली की शेवटी पोतेरं, चुलीपुढं सारवायला. थर सहा-सात असतात. आत सगळ्यात फाटकं, बाहेर त्यातल्या त्यात धड. टाका कडेनं सुरू करून गोल गोल आत आणायचा, म्हणजे चिंधी सरकत नाही. दोरा विकत आणायचा नाही, जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढायचा. पौषातल्या दुपारी भिंतीच्या उन्हात तीन-चार बाया एका वाकळीच्या चार बाजूंना बसतात, आणि गावातल्या साऱ्या भानगडी त्या टाक्यांमध्ये शिवल्या जातात. अशी एक वाकळ व्हायला कधी अख्खा महिना लागतो.

आता मागं जाऊ. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात महार म्हणजे जाडंभरडं कापड विणणारे आणि मजुरी करणारे लोक अशी नोंद आहे. गावकी, येसकरकी, मेलेलं ढोर ओढणं हे आमच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. विणकाम मात्र कुणी सांगत नाही. विदर्भातला महार माग चालवत होता. आमच्या जुन्या घराच्या पडवीत जमीन एका जागी दबलेली आहे, कितीही मुरूम टाका, पुन्हा बसते. आजी म्हणते, "थो मागाचा खड्डा व्हय. माह्या सासऱ्याचा बाप थितं पाय सोडून बसे." खड्ड्यात पाय, वर धोटा. गावरान आखूड धाग्याचा कापूस, घरच्या बायांनी कातलेला, आणि त्याचं जाड कापड. दिसायला ओबडधोबड, पण हिवाळ्यात ऊब देणारं.

मग तो माग गेला कुठं?

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० ला खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाईसरॉय! त्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब कापूस कमिशनर होता. त्यानं सरकारला जे लिहिलं त्याचा मतलब असा: रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागं पडेल. मग इथले लोक जो कापूस स्वतः कातून-विणून वापरतात तोही निर्यातीला मोकळा होईल. आणि विणणारे हातही मोकळे होतील, शेतावर मजुरीला.

मित्रांनो, हे पुन्हा वाचा. आमचा माग आपोआप मोडला नाही, काळाच्या ओघात वगैरे गेला नाही. तो मोडावा अशी आशा कागदावर लिहून ठेवलेली होती. आमच्या हातांना 'मोकळे' म्हटलं गेलं. तिथून आमच्या बाया दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला लागल्या आणि कापूस बैलबंडीनं हिंगणघाटच्या बाजाराकडं जायला लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं उपाशी मेली. कापूस खाता येत नाही. तेव्हा आमचा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ साली त्याचं यवतमाळ झालं. नाव बदललं, वाकळ तीच.

१८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल निघाली. तिकडं मुंबईत तर गिरण्याच गिरण्या. मागावरून उठवलेला माणूस गिरणीत तरी मागावर बसला का? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे, आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. म्हणजे बघा, गावात पिढ्यानपिढ्या विणणारी जात, आणि शहरात तिला सांगितलं गेलं की तुला विणता येणार नाही.

मी आज ज्या खात्यात आहे तिथं हिवाळा नसतो. सूत तुटू नये म्हणून आत हवा ओली आणि गरम ठेवतात. तिसऱ्या पाळीत घामानं भिजायचं आणि सकाळी फाटकाबाहेर थंडीत यायचं. फाटकावर झडती होते. खालचा रुईचा कचरा, जो झाडूनं गोळा करतात, तोही मूठभर खिशात सापडला तर दंड. मी गिरणीचं नाव लिहीत नाही, झडती सगळीकडं सारखीच असते.

असो. घराकडं येतो, कारण हिवाळ्याचं खरं कसब घरात आहे.

पहिली अंबाडी. बांधाला, तुरीच्या कडेला पेरलेली. कोवळी असताना पानांची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून. आंबट अशी की भाकर दोन जास्त जाते. पुढं झाड वाळायला आलं की कापून पेंढ्या बांधायच्या आणि नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या, दहा-पंधरा दिवस. वास असा सुटतो की लांबून कळावं. मग गार पाण्यात कमरेएवढं उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. बाबा म्हणत, थंडी पाहायची असेल तर अंबाडी धुवायला चल. मग रात्री शेकोटीजवळ ढेऱ्यावर सुतळी कातायची. त्यातून बाज विणली जाते, बैलाचं दावं, कासरा, मोरकी, सगळं. बियाही जात नाहीत. एका झाडातून भाजी, दोर, बी आणि वाळल्या काड्यांचं सरपण. आता नायलॉनचा दोर बाजारात स्वस्त मिळतो, आणि बैलही कमी झालेत. अंबाडी आता भाजीपुरती.

दुसरी पऱ्हाटी. कापूस संपला तरी ती संपत नाही. तिच्या आणि तुराट्यांच्या काड्यांचा कूड विणायचा, वरून माती-शेण लिंपायचं, झाली भिंत. पाऊस भिंत खातो, म्हणून हिवाळ्याच्या तोंडाला लिंपण दरसाल नवं. कुडाची भिंत पातळ असते, वारा शोधून शोधून आत येतो. म्हणून जिकडून वारा त्या बाजूला आतून कणगी उभी करायची. बांबूची, शेणानं लिंपलेली, ज्वारीनं भरलेली, वर लिंबाचा पाला. धान्याचं धान्य आणि वाऱ्याला आडोसा. ही अक्कल कुठल्या इंजिनिअरनं शिकवली नाही. पण ज्या साली ज्वारी नसे त्या साली कणगी रिकामी आणि घरही गार. भूक आणि थंडी आमच्याकडं एकाच वाटेनं येत.

कणगी आम्ही विणत नसू. ती कोलामाच्या पोडावरून यायची. कोलाम आमच्या तालुक्यातले जुने लोक, त्यांची बोली वेगळी, वस्तीला ते पोड म्हणतात. तट्टे, टोपली, सुपं, कणग्या हे त्यांचं कसब. आजीच्या वेळी टोपल्याला ज्वारी मोजून द्यायची, पैशाचा संबंध नाही. पण बांबू जंगलातला, आणि १९२७ च्या वन कायद्यात बांबूला झाड ठरवून ठेवलेलं. म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा कारागीर बांबू तोडताना चोर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला, कागदावर हक्क झाला. तोवर प्लास्टिकचं टोपलं बाजारात आलेलं होतं.

तिसरं खाणं. हिवाळा हाच आमचा भरला काळ. तुरीचे सोले, हरभऱ्याचा घोळाणा, ज्वारीचा हुरडा, बोरं. बोरं वाळवून कुटून बोरकूट. वांगी चिरून वाळवून त्याचा खुला, उन्हाळ्यात रस्सा करायला. पहाटे जात्यावर दळण. आजी म्हणते, "दळलं का आंग गरम होये, मंग वाकय कायले पायजे?" हे ती हसून सांगते. मला हसू येत नाही.

आणि एक वाळवण होतं ज्याबद्दल आमची माणसं बोलत नाहीत. चान्या. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या. गाव ढोर ओढायला लावे, मोबदल्यात मांस. कोरड्या हिवाळ्यात त्या चांगल्या वाळत आणि पावसाळ्यापर्यंत पुरत. काटकसर म्हणाल तर याहून मोठी काटकसर नाही. कसब म्हणाल तर तेही होतं, कुठं कापायचं, किती जाड, धूर किती द्यायचा. बाबासाहेबांनी हे सोडा म्हणून १९२० च्या दशकापासून कानीकपाळी सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि १६ ला चंद्रपुरात. चंद्रपूर आम्हाला जवळ. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिचे वडील चंद्रपूरहून आले आणि तिच्या आईनं काही न बोलता चान्यांची दोरी सोडली, मांस गावाबाहेर पुरलं आणि ती दोरीही चुलीत घातली. दोरी चांगली होती, अंबाडीची, नवी. आमच्या घरात चांगली दोरी जाळल्याची एवढी एकच नोंद आहे. त्या हिवाळ्यात पोटाचे हाल झाले, आजीला ते आठवतं. पण कुणी परत दोरी बांधली नाही. जुनं ते सगळं जपायला निघालेल्यांना मी हे सांगतो. काय जपायचं आणि काय जाळायचं हे ज्यानं भोगलं तोच ठरवील.

बियाण्याचंही तसंच, पण उलट्या बाजूनं. गावरान कापसाची चांगली बोंडं निवडून सरकी घरी राखत, पेरताना शेण-राखेत घोळत. हे जपायला हवं होतं. १९७० ला एच-४ संकरित वाण आलं, २००२ ला बीटी. बी दरसाल विकत. १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा केंद्रावर बंड्यांची रांग लागे, माणसं बंडीखाली चार-चार रात्री थंडीत झोपत, बाबा त्यातले एक. खाली कडबा, वर वाकळ, आणि वाकळीच्या वर बंडीत क्विंटलनं कापूस. त्यातला एक मूठही कुणी आत ओढून घेत नसे. तो मोजून द्यायचा होता.

२०१७ ला दोन गोष्टी झाल्या. फवारणीच्या विषानं आमच्या जिल्ह्यात वीसवर शेतकरी-मजूर मेले. आणि गुलाबी बोंडअळीनं बीटीची बोंडं आतून खाल्ली. तेव्हापासून कृषी खातं सांगतं, डिसेंबर-जानेवारीत पीक मोडा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग घराजवळ रचू नका, अळीचे कोष त्यात राहतात. शास्त्र खरं आहे, मी वाद घालत नाही. पण तो ढीग म्हणजे आमचं वर्षाचं सरपण. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतली टाकी घरात आहे, तिच्यावर आता डाळीचा डबा ठेवलेला असतो, कारण भरून आणायला एकदम तेवढे पैसे लागतात.

गेल्या माघात एक कृषी सहायक वस्तीवर आला. पोरगा चांगला होता, समजावून सांगत होता. माय ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मंग मिरगापावतर चुलीत का घालू, सायेब?" तो थोडा वेळ ढिगाकडं बघत राहिला, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेला. मायनं अर्धा ढीग बांधापलीकडं हलवला. अर्धा अजून चुलीच्या मागंच आहे, पाऊस येईपर्यंत तेवढ्यात भागवायचंय.