आवडता खेळाडू कुठून दिसतो? कोकणातल्या कबड्डीरसिकांची गोष्ट

तुमचा आवडता खेळाडू कोण, आणि तोच का? एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारून बघा. हवापाण्यावर दोन वाक्यं न बोलणारा माणूससुद्धा पुढचा तासभर थांबत नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात हे उत्तर शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तिथे संस्था असतात, स्पर्धा असतात, कोण कधी जिंकलं हे असतं. मैदानाच्या कडेला उकिडवं बसलेला माणूस कुणावर जीव टाकत होता आणि कशासाठी, हे कुणी लिहून ठेवत नाही. आज त्याबद्दल बोलायचं ठरवलंय. खेळ अर्थातच कबड्डी. रत्नागिरी जिल्ह्यात बसून दुसरा कुठला खेळ घेतला असता तर तुम्हीच आम्हाला खाडीपलीकडे पाठवून दिलं असतं.

आधी जागा लक्षात घ्या. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिथे टाचेने चार रेघा ओढल्या की मैदान तयार. ना तिकीट, ना खुर्च्या. बघणारा रेषेपासून हातभर लांब. कोकणातल्या गावांत, खळ्यात नाहीतर देवळासमोर, मातीवर जी कबड्डी झाली ती अशीच जवळून बघितली गेली. आमचं आजचं सगळं म्हणणं या 'जवळून'वर उभं आहे. खेळाडू कुठून दिसतो, त्यावर त्याच्यातलं काय आवडणार ते ठरतं.

जवळ बसलेल्याला काय मिळायचं? सगळ्यात आधी आवाज. चढाईला गेलेला गडी एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत असतो, आणि तो दम बघणाऱ्याला ऐकू येतो. आवाज चढला, बारीक झाला, कुठे हलला, सगळं कळतं. जुन्या मंडळींना आवडत्या खेळाडूबद्दल विचारलं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा दमाबद्दल असतं. 'काय दम होता हो त्याचा!' त्याने गुण किती घेतले हे त्यानंतर. दम सुटला की चढाई संपली, तेव्हा दम म्हणजेच वेळ होता. आता चढाई ३० सेकंदांची असते आणि वेळ घड्याळ मोजतं. दम आजही लागतो, नियमात आहेच, पण दूरदर्शन संचावर समालोचन आणि संगीताच्या गदारोळात तो ऐकू येत नाही. एक अख्खा गुण, ज्यावर माणसं फिदा होती, प्रेक्षकाच्या कानातून गेला. याची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात आली नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. आवडता खेळाडू हा कुणाचा तरी भाचा, कुणाच्या तरी वाडीतला. कोकणातला तरुण मुंबईला गिरणीत लागायचा, लालबाग-परळच्या चाळीत राहायचा, संध्याकाळी मंडळाच्या मैदानात उतरायचा, आणि शिमग्याला गावी आला की तोच मुंबईचा खेळ इथल्या मातीत दाखवायचा. गावातल्या पोरांना तो आज आपल्याला सिनेमातला नट वाटतो तसा वाटत असणार. फरक एवढाच, की हा नट दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन विहिरीवर दिसायचा. त्याच्यावरचं प्रेम म्हणजे थोडंसं गावावरचंच प्रेम. चांगला खेळणाऱ्याला रेल्वेत, बँकेत, तेल कंपनीत नोकरी मिळायची आणि त्या नोकरीचा अभिमान सगळी वाडी वाटून घ्यायची. 'आमचा अमुक खेळावर लागला' या वाक्याचं वजन तुमच्यापैकी अनेकांनी घरात ऐकलं असेल. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ही साखळी सैल होत गेली. कबड्डी थांबली नाही, कंपन्यांचे संघ पुढेही जोरात होते. पण चाळ, मंडळ आणि गाव यांना बांधणारी दोरी पहिल्यासारखी ताणलेली राहिली नाही.

संघटनेचा इतिहास आम्ही इथे भरभर सांगून टाकतो, कारण तो तुम्हाला इतरत्र मिळेल. हुतूतूला नियमांत बसवायचं काम महाराष्ट्रातच बरंचसं झालं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशी प्रेक्षकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत कबड्डी होती. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्ण घेतलं. एवढं सगळं होऊनही सामान्य रसिकाला भारताच्या संघातले सात खेळाडू चेहऱ्यानिशी ओळखता येत नव्हते. दिसतच नव्हते तर ओळखणार कसे?

ते दिसायला लागले २६ जुलै २०१४ ला. मुंबईत वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त सभागृहात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. (याच सभागृहात ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलचे दोन सामने झाले, आणि त्यातल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. त्या दोन दिवसांत लेब्रॉन जेम्स थोर की मायकल जॉर्डन असे वाद घालणारी मराठी पोरंही आम्ही ऐकली. दोघांनाही त्यांनी पडद्यावरच पाहिलेलं. असो.) माती गेली, मॅट आली. प्रकाशझोत आले. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॅमेरा आला, संथ गतीतलं पुनर्दृश्य आलं.

आता अनुप कुमार बघा. हरयाणातल्या गुडगावजवळच्या पालडा गावचा माणूस. कोकणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी यू मुंबाचा कर्णधार म्हणून तो इथल्या घराघरांत आवडता झाला. का? पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याचे, हे खरं. पण आम्हाला ते पुरेसं कारण वाटत नाही. अनुपची खासियत होती बोनस. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. सगळा हिशेब काही इंचांचा. मातीवर, वाळूवर ही करामत पंचाला दिसायची, फार तर कोपऱ्यावर बसलेल्या चारजणांना. बाकीच्यांच्या नजरेत तो नुसता आत जाऊन परत आला. असा सावध खेळाडू जुन्या मैदानावर लोकांचा लाडका होणं अवघड होतं. तिथे टाळ्या पडायच्या चारजणांना ओढत मध्यरेषेवर हात टेकवणाऱ्याला. कॅमेऱ्याने अनुपचा अंगठा जवळून दाखवला, पुन्हा दाखवला, आणि रत्नागिरीत घरी बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की हा माणूस पायाने विचार करतो.

दुसरं कॅमेऱ्याने दाखवलं ते त्याचं तोंड. पकड झाली तरी तसंच, गुण आला तरी तसंच. मैदानाच्या कडेवरून चेहरा एवढा वाचता येत नाही. ऑक्टोबर २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात अनुपचा भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला १३-१८ असा मागे होता. शेवटी ३८-२९ ने जिंकला. गुणांचा पाऊस पाडला अजय ठाकूरने, चढाईत तोच नायक. पण त्या रात्रीची आठवण सांगताना माणसं अजयच्या चढायांच्या बरोबरीने अनुपचा शांतपणा सांगतात. आपल्याकडे घरातल्या कर्त्या माणसाकडून जी अपेक्षा असते, संकटात आवाज चढवायचा नाही, तीच त्याच्यात दिसली असावी. गाव परकं, पण वागणं ओळखीचं.

याहून गमतीचं उदाहरण फझल अत्राचलीचं. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवलं. १९९० पासून एकदाही न हुकलेलं सुवर्ण गेलं. त्या इराणी बचावात फझल होता. दोनच महिन्यांनी तो यू मुंबाचा कर्णधार म्हणून उतरला आणि मुंबईकरांनी, कोकण्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. घोट्याला हात घालायची त्याची वेळ इतकी अचूक, की पारपत्र कुणी विचारलं नाही. कबड्डीरसिकाला संकुचित म्हणणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी देतो.

मग 'आपला' माणूस संपला का? नाही. त्याच हंगामात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून खेळला आणि पदार्पणातच चढाईचे दोनशेच्या वर गुण घेऊन गेला. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. तीनजण कमरेला, पायाला लटकलेत आणि हा त्यांना घेऊन मध्यरेषेकडे येतोय, म्हणजे जुन्या मातीतल्या टाळ्यांचा खेळाडूच पडद्यावर परत आला. आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेला. आता रसिकाने काय करायचं? संघ सोडायचा की माणूस? जुन्या काळी हा पेच नव्हता. मंडळ आणि माणूस बहुधा एकत्रच असायचे. आमच्या पाहण्यात बहुतेकांनी सिद्धार्थ सोडला नाही, यू मुंबाही सोडली नाही, आणि दोघे समोरासमोर आले की मुकाट बसून बघितलं. पैशाबद्दल कुरकुर करणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं, की २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर मिळाले. 'खेळावर लागला' या वाक्याचा अर्थ दहा वर्षांत एवढा बदलला. गुडघा गेला की काय, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. पूर्वी निदान उत्तराला निवृत्तीपर्यंतची नोकरी होती.

इथपर्यंत आम्ही सगळी नावं पुरुषांची घेतली, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्हाला आवडते पाच सांगा म्हटलं असतं तर तुमच्याही यादीत बहुधा पाचही पुरुषच आले असते. बायका खेळत नाहीत म्हणून? छे. २०१२ च्या पाटण्यातल्या महिला विश्वचषकात जिंकलेल्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के होत्या. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१८ च्या जकार्तात भारतीय महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवणाऱ्या इराणच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. त्यांचं नाव आपल्यातल्या कितीजणांना तो पराभव होण्याआधी माहीत होतं?

२०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामासोबत महिलांची छोटी स्पर्धा झाली होती. तीन संघ: फायर बर्ड्स, आइस डिव्हाज, स्टॉर्म क्वीन्स. आइस डिव्हाजची कर्णधार अभिलाषा. त्याच वेळी, त्याच वाहिनीवर, त्याच मॅटवर. आणि लोकांनी बघितली! कोपऱ्यातून येणारी पकड आवडली, नावं पाठ व्हायला लागली. पुढच्या वर्षी पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले आणि महिलांची स्पर्धा झालीच नाही. लोकांना महिलांची कबड्डी आवडत नाही असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, आवडायला किती आठवडे दिले होते?

रत्नागिरीत तर हे फारच जवळचं आहे. आपल्या शहराने खो-खोत मुलींची एक अख्खी फळी दिली. ऐश्वर्या सावंतचं नाव इथल्या शाळकरी पोरींना सांगावं लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो पुरुषांनी जिंकला तसा प्रियांका इंगळेच्या महिला संघानेही जिंकला. पण २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगचे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे. म्हणजे इथल्या मुलीला तिची आवडती खेळाडू बघायची तर जुन्याच पद्धतीने बघावी लागते, मैदानाच्या कडेला बसून, हातभर अंतरावरून. तिला अजून दम ऐकू येतो म्हणा किंवा पायांचा आवाज. पण अंगठा कुणी मोठा करून दाखवलेला नाही.

आमच्याकडे या विषयाची जमवाजमव चालू आहे, आणि पुरुष खेळाडूंच्या आठवणी, ढाली, चषक, पिवळे पडलेले फोटो बऱ्यापैकी मिळतात. बायकांचं फार थोडं मिळतं. तुमच्या घरात एखादी आत्या, मावशी, आजी शाळेच्या नाहीतर मंडळाच्या संघातून खेळली असेल, तर तिला एवढंच विचारा: तेव्हा तुला कोण आवडायची, आणि का? उत्तर लिहून घ्या, फोटो असेल तर मागे नावं लिहा. पुढच्या वेळी येताना घेऊन या. आता प्रश्न घेऊया, मागच्या रांगेतल्या ताईंपासून.