कल्याणचा बिशप, वाड्याचे ब्रदरन

जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या ख्रिस्ती पंथांची हकीकत कुणी सांगायला घेतली की सुरुवात हमखास वसईपासून होते. पोर्तुगीज आले, धर्म आला. मग इंग्रज आले आणि त्यांच्यामागून प्रोटेस्टंट मिशनरी. हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की त्याच्या मागे आणखी हजार वर्षं आहेत, हे कुणाच्या गावीही नसतं. ही कुळकथा मुरबाडच्या वाटेवरून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जुन्नरकडचा माल नाणेघाटातून वैशाखऱ्याला उतरायचा आणि मुरबाडवरून कल्याण बंदर गाठायचा. घाटातला सातवाहन राणीचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही जागेवर आहेत. कल्याणहून गलबतं इराणच्या आखाताकडे जात आणि परतताना फक्त माल आणत नसत. सहाव्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं, की ‘कल्लियाना’ इथे एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

बिशप इराणातून येई, रोममधून नव्हे. रोमन साम्राज्य आणि इराणचे सासानी राजे यांचं हाडवैर होतं. रोमच्या सम्राटाशी एकनिष्ठ असलेल्या धर्मगुरूंच्या हाताखाली राहणं इराणी ख्रिस्ती लोकांना परवडणारं नव्हतं. 424 साली त्यांनी आपला प्रमुख पश्चिमेकडच्या कुणालाही जबाबदार नाही, असं ठरवून टाकलं. पुढे 431 मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेत मरियेला ‘देवमाता’ म्हणावं की नाही, यावरून कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला बहिष्कृत केलं गेलं. इराणी मंडळींचा कल त्याच्या बाजूचा, म्हणून इतरांनी त्यांना ‘नेस्टोरियन’ म्हटलं. ती मंडळी स्वतःला पूर्वेची मंडळी म्हणवत. त्यांची उपासना सिरियाक भाषेत चाले. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल 1054 मध्ये दुरावले, ल्यूथरनं 1517 मध्ये पोपला आव्हान दिलं. ही शाखा त्याच्या कितीतरी आधी फुटलेली. आपल्या भागात जिची लेखी नोंद मिळते ती पहिली शाखा हीच.

तिची पुढची खूण ठाण्यात सापडते. 1321 साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुझहून जहाजानं येताना वाऱ्यानं ठाण्याला लागले. ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी थोड्याच काळानं तिथे पोचला. तो लिहितो, की ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं होती आणि साधू त्यातल्याच एका घरात उतरले. एका रात्री घरधन्यानं बायकोला बेदम मारलं. सकाळी ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिनं घरात उतरलेल्या चार साधूंचं नाव घेतलं. साधूंना बोलावणं गेलं, साक्ष बाजूला राहिली, धर्मावरचा वाद पेटला आणि चौघांचेही जीव गेले. त्यांचा सोबती जॉर्डन यानं त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली.

ओडोरिकच्या लेखी नेस्टोरियन पाखंडीच. तरीही परमुलुखात रोमच्या साधूंना आसरा दिला तो त्यांनीच. या जिल्ह्यात दोन पंथ एका छपराखाली आल्याची ही सर्वांत जुनी गोष्ट असावी, आणि ती शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला वाईट वाटतं.

ठाण्याची ती पंधरा घरं पुढे इतिहासात दिसत नाहीत. केरळात मात्र पूर्वेची परंपरा टिकली. तिथले बरेच ख्रिस्ती पुढे पोपच्या छत्राखाली आले, पण उपासनेची पूर्वेकडची घडी त्यांनी मोडली नाही. नोकरीधंद्यासाठी मुंबईकडे आलेल्या याच सिरो-मलबार कॅथलिकांसाठी 1988 साली स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तो कल्याणचा.

वसईची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1534 च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि खाडीकाठच्या गावांत लॅटिन परंपरेची देवळं उभी राहिली. कल्याण-भिवंडी 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं, शहापूरजवळचा माहुलीचा डोंगरही पोर्तुगीजांचा कधी नव्हता; म्हणून शहापूर-मुरबाडकडे वसईसारखी जुनी कॅथलिक गावं दिसत नाहीत. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तरी तिथली मिस्सा थांबली नाही.

प्रोटेस्टंटांच्या फाटाफुटी युरोप-अमेरिकेत झाल्या, त्या इथे जशाच्या तशा उतरल्या. 1813 मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्यात बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. त्यांच्यातले गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिकहून परतताना, जवळची बहुतेक औषधं वाटून झाल्यावर, वाटेत पटकीनं गेले. नाशिकला अँग्लिकनांनी शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. स्कॉटलंडची मंडळी 1843 मध्ये दुभंगली आणि तिचे मिशनरी जॉन विल्सन यांना मुंबईत बसून बाजू निवडावी लागली. मराठी माणसाचा ज्या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता, त्याच्या भिंती त्याच्या अंगणात उभ्या राहिल्या.

शहापूरला लागून असलेल्या वाड्यात, तसंच डहाणू-पालघरला आले ते ब्रदरन. हा पंथ 1708 मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊला सुरू झाला. आठ माणसांनी एडर नदीत नव्यानं बाप्तिस्मा घेतला, कारण तान्ह्या मुलाला काय कळतं, श्रद्धा जाणतेपणी स्वीकारायची असते, हे त्यांचं म्हणणं. छळामुळे ते अमेरिकेला गेले आणि तिथून 1895 मध्ये वलसाडला स्थिरावले. त्यांचा बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून होत नाही. माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि पाळक त्याला पुढच्या बाजूला वाकवून तीनदा बुडवतात: पित्याच्या नावानं, पुत्राच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या नावानं. प्रीतिभोजनाच्या रात्री जेवणाआधी सगळे एकमेकांचे पाय धुतात. हातात शस्त्र घ्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, ब्रदरन, बॅप्टिस्ट, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट, आणि 1924 मध्येच एकत्र आलेले काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अगदी शेवटी बाजूला झाले. तडजोड सर्वांनाच करावी लागली. ज्यांना बिशप नको होता त्यांनी तो स्वीकारला, बिशपांनी अधिकार वाटून घेतले. बाप्तिस्म्याचा पेच सर्वांत अवघड होता, तो दोन्ही रीती मान्य करून सोडवला: बाळाला द्या किंवा जाणतेपणी घ्या. गुजरातेतल्या काही ब्रदरन मंडळ्यांना मात्र हे एकीकरण मानवलं नाही. त्या पुढे वेगळ्या निघाल्या आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.